हाताचा हिशेब

भूम तालुक्यातल्या खव्याच्या भट्टीवर नवा पोरगा कामाला लागला, की पहिल्याच दिवशी कोणी त्याच्या हाती कढई सोपवत नाही. तो दूध ओततो, विस्तव सारतो आणि बघत राहतो. मग कधीतरी उलथनं त्याच्याकडे येतं. दूध आटत जातं तसा हाताला लागणारा जडपणा बदलतो, बुडबुड्यांचा आवाज बदलतो, कडेची साय पिवळसर दिसू लागते. त्या क्षणी हात थांबला, तर खवा तळाला लागतो आणि सगळा घाणा करपट होतो. हे पुस्तकात वाचून येत नाही. तरीही पोरगा शिकला की नाही, हे मालकाला बरोबर कळतं. म्हशीच्या पाच लिटर दुधाचा साधारण किलोभर खवा पडतो. त्याचा किती पडला, दहा घाण्यांत किती करपले, आणि हाक न मारता त्याने किती उतरवले, हा हिशेब मालकाच्या डोक्यात असतो.

डॉक्टरच्या हाताचा असा हिशेब कोण ठेवतं, हा या प्रकरणाचा विषय आहे.

ईट हे याच भूम तालुक्यातलं गाव. तिथल्या एखाद्या पन्नाशीच्या माणसाला शौचावाटे रक्त पडू लागलं, तर तो बहुतेक वेळा मूळव्याध समजून वर्षभर अंगावर काढतो. पुढे वजन उतरतं, अशक्तपणा येतो, मग घरचे त्याला बार्शीला नाहीतर सोलापूरला नेतात. तिथे डॉक्टर सांगतात, “खालून दुर्बीण घालून बघावं लागेल.” आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध दोन-तीन लिटर पाण्यातून प्यायचं, रात्रभर संडासला जायचं आणि सकाळी उपाशीपोटी टेबलावर कुशीवर झोपायचं. यालाच कोलोनोस्कोपी म्हणतात. त्या माणसाच्या मनात एकच प्रश्न असतो : दुखेल का? त्याने आणखी एक प्रश्न विचारायला हवा, असं मला मनापासून वाटतं. दुर्बीण धरणाऱ्या हाताला हे काम किती येतं?

आधी काम काय आहे ते जवळून बघू. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं, आणि ते सरळ नळासारखं नसतं. गुदद्वारापासून वर गेलं की डाव्या बाजूला एक सैल, वळणावळणाचा भाग लागतो. तो पोटात मोकळा लोंबत असतो. पुढे प्लीहेजवळ एक तीव्र वळण, मग पोटावरून आडवा जाणारा भाग, यकृताजवळ दुसरं वळण, आणि शेवटी उजवीकडे खाली आतड्याचं बंद टोक. त्याला सीकम म्हणतात. अपेंडिक्सचं तोंड तिथेच असतं, आणि लहान आतडं मोठ्या आतड्यात उघडतं ती झडपही तिथेच.

डॉक्टरच्या डाव्या हातात दुर्बिणीची मूठ असते. तिच्यावर दोन चाकं असतात. एक टोकाला वर-खाली वळवतं, दुसरं डावी-उजवीकडे. त्याच हाताच्या बोटांखाली हवा-पाण्याचं आणि ओढून घेण्याचं बटण असतं. उजव्या हातात नळी असते. ती आत सारायची, मागे घ्यायची, पीळ द्यायची. नजर सगळा वेळ पडद्यावर. नवशिक्याची सहज ओढ असते ती पुढे ढकलण्याकडे. पण त्या सैल भागात नळी ढकलली की आतडंच ताणलं जातं आणि नळीचा वेढा पडतो. पडद्यावर चित्र पुढे सरकत नाही, उलट मागे जातं, आणि पेशंट कळवळतो. जाणकार डॉक्टर अशा वेळी नळी पुढे न ढकलता मागे ओढतो. उजवीकडे हलका पीळ देत देत तो वेढा सोडवतो, आतड्याची बाही नळीवर गोळा करतो, आणि न ढकलताच टोक पुढे सरकतं. वेढे सुटलेले असतील तर ७० ते ८० सेंटिमीटर नळी आत गेल्यावर सीकम दिसतं. वेढे तसेच असतील तर नळी संपत येते, पण टोक पोचत नाही. मागे घेतल्याने पुढे जाता येतं, ही गोष्ट डोक्याला पाच मिनिटांत पटते. हाताला पटायला महिने लागतात.

हात तयार झाला, हे ठरवायचं कसं? जगभर बरीच वर्षं एकच उपाय होता : संख्या मोजा. शंभर केल्या, दीडशे केल्या, म्हणजे आला. आपल्याकडेही पदव्युत्तर विद्यार्थी लॉगबुक ठेवतो. अमुक तारखेला अमुक तपासणी, ‘पाहिली’, ‘मदत केली’, ‘स्वतः केली’, आणि खाली सरांची सही. लॉगबुक निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही, कारण संख्या शून्य असेल तर कौशल्यही शून्यच असतं. पण शंभर घाणे लावलेल्या पोराचे चाळीस करपले असतील, तर शंभर या आकड्याला काय अर्थ?

ब्रिटन हा धडा मोठी किंमत मोजून शिकला. इंग्लंडच्या तीन विभागांतल्या ६८ केंद्रांमध्ये चार महिन्यांत झालेल्या ९,२२३ कोलोनोस्कोपी एका पाहणीत तपासल्या गेल्या. तो अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉक्टरांच्या नोंदींनुसार ७६.९ टक्के तपासण्या सीकमपर्यंत पोचल्या होत्या. पण टोकाला पोचल्याची खूण नोंदवलेली असेल तरच धरायचं, असा कडक नियम लावल्यावर तो आकडा ५६.९ टक्क्यांवर आला. शिवाय पहिल्या शंभर तपासण्या कोणाच्या तरी देखरेखीखाली केलेले डॉक्टर होते अवघे १७ टक्के. बाकीचे तेवढ्या देखरेखीशिवाय, म्हणजे पेशंटवरच शिकले होते. तिथे मग प्रशिक्षण केंद्रं उभी राहिली, सही करण्याआधी शिक्षकाने समोर बसून गुण द्यायचे अशी पद्धत आली आणि प्रत्येक तपासणीची संगणकावर नोंद होऊ लागली. २०११ मध्ये पुन्हा देशभर मोजणी झाली. दोन आठवड्यांतल्या वीस हजारांहून अधिक तपासण्या पाहिल्या गेल्या, आणि सीकमपर्यंत पोचण्याचं प्रमाण ९२.३ टक्के निघालं. नळ्या आणि पडदेही त्या काळात सुधारले, हे खरं. पण मोठा फरक पडला तो मोजल्यामुळे, असं माझं मत आहे.

आता मोजायचं कसं ते बघू, आणि वही-पेन्सिल घेऊनच बघू. इंग्रज संख्याशास्त्रज्ञ ई. एस. पेज यांनी १९५४ मध्ये कारखान्यातल्या मालाची प्रत सतत तपासण्यासाठी एक साधी युक्ती मांडली. तिला क्युसम म्हणतात. कल्पना अशी : आधी किती अपयश चालवून घ्यायचं ते ठरवा. धरा, दहात एक. शिकाऊ डॉक्टरची दुर्बीण टोकापर्यंत पोचली, तर रेघ ०.१ ने खाली आणा. नाही पोचली, सरांना नळी हातात घ्यावी लागली, तर ०.९ ने वर न्या. प्रत्येक तपासणीनंतर एक ठिपका, आणि ठिपके जोडत चला.

पहिल्या दहापैकी पाच फसल्या : रेघ ४ वर. पुढच्या दहात तीन फसल्या : ६ वर. पुढच्या वीसात चार : ८ वर. चढ अजून आहे, पण त्याची धार कमी झाली. पुढच्या वीसात फक्त दोन फसल्या, तेव्हा रेघ ८ वरच राहिली, सपाट. त्याच्या पुढच्या वीसात एकच फसली, आणि रेघ ७ वर उतरली. बार्शीकडून भूमला येताना बालाघाटचा चढ लागावा आणि वर आल्यावर गाडीचा दम कमी व्हावा, तशी ही आकृती दिसते. मी सोय म्हणून आकडे लवकर उतरवले आहेत. खऱ्या आयुष्यात सपाटी यायला शेकडो तपासण्या लागतात. पण युक्तीचं मोल लक्षात घ्या. रेघ चढते आहे तोवर हात शिकतो आहे. ती सपाट झाली की हात ठरलेल्या पातळीवर आला. आणि एखाद्या अनुभवी माणसाची रेघ अचानक वर उचलली, तर काहीतरी बिघडलंय, हे त्याला स्वतःलाच सगळ्यांच्या आधी दिसतं.

हे शेवटचं वाक्य कल्पनेतलं नाही. लंडनमधले बालहृदय शल्यचिकित्सक मार्क द लेवाल यांनी १९९४ मध्ये स्वतःच्याच १०४ शस्त्रक्रियांचा हिशेब जाहीर केला. नवजात बाळांच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल करण्याची ती अवघड शस्त्रक्रिया. बराच काळ निकाल चांगले होते, मग मृत्यूंची एक ओळ लागली. हा निव्वळ दैवाचा फेरा आहे की हात चुकतो आहे, हे त्यांनी क्युसमच्या रेघेवर तपासलं, आणि दुसऱ्या ठिकाणी जाऊन पुन्हा शिकून आले. नावाजलेल्या सर्जनने पुन्हा विद्यार्थी होणं, तेही छापून सांगून! वैद्यकाच्या इतिहासात यापेक्षा धाडसी कागद मी फार थोडे पाहिलेत.

कोलोनोस्कोपीसाठी ही रेघ ब्रिटनमध्ये २९७ शिकाऊ डॉक्टरांच्या छत्तीस हजारांहून अधिक तपासण्यांवर आखली गेली. दहात नऊ वेळा टोकाला पोचायला सरासरी २३३ तपासण्या लागल्या. अमेरिकेत मेयो क्लिनिकने थोडी वेगळी वाट धरली. तिथे शिक्षक प्रत्येक तपासणीनंतर एकेका बाबीला एक ते चार गुण देतो : वेढा ओळखला का, सोडवला का, भिंत नीट पाहिली का, पेशंटच्या दुखण्याकडे लक्ष होतं का. त्या मोजणीत सरासरी शिकाऊ डॉक्टर सक्षम व्हायला सुमारे २७५ तपासण्या लागतात असं दिसलं. शंभरचा जुना आकडा दोन्हीकडे खोटा पडला. आणि ही सरासरी आहे, हे विसरू नका. कोणाचा हात दीडशेत बसतो, कोणाचा चारशेत. म्हणून सगळ्यांना एकच आकडा लावण्यापेक्षा प्रत्येकाची स्वतःची रेघ हवी, हा मुद्दा मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

एक शंका वाचकाच्या मनात येईल. पेशंटला इजा झाली का, एवढंच मोजलं तर? आतड्याला भोक पडणं हा यातला सर्वांत मोठा धोका. पण तो हजारात एखाद्या वेळी किंवा त्याहूनही कमी घडतो. दोनशे तपासण्या केलेल्या शिकाऊ डॉक्टरच्या हातून एकही भोक पडलं नाही, तर त्यावरून तो चांगला की सुदैवी, हे सांगताच येत नाही. थोड्या संख्येचा हा दोष सगळीकडे आहे. वीसपैकी अठरा वेळा टोकाला पोचला, म्हणजे नव्वद टक्के, असं आपण खुशीत म्हणतो. पण गणित सांगतं, की त्याचं खरं यश सत्तर टक्क्यांच्या आतलंही असू शकतं. म्हणून दहा-वीस तपासण्यांवर दिलेलं प्रमाणपत्र हे प्रमाण नव्हे.

टोकाला पोचणं हे तरी अर्धंच काम. खरी तपासणी नळी बाहेर काढताना होते. आत जाताना रस्ता शोधायचा, बाहेर येताना भिंतीची प्रत्येक घडी उलगडून पाहायची. कर्करोग बहुतेकदा आधी गाठीच्या, म्हणजे पॉलिपच्या रूपात असतो. ती दिसली तर त्याच वेळी काढता येते. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १२ डॉक्टरांच्या कामाची पाहणी २००६ मध्ये छापून आली. नळी बाहेर काढायला सरासरी सहा मिनिटं किंवा अधिक घेणाऱ्यांना २८.३ टक्के लोकांमध्ये अशा गाठी सापडल्या, तर घाई करणाऱ्यांना ११.८ टक्के. पोलंडमध्ये ४५ हजार लोकांचा पाठपुरावा झाला. ज्या डॉक्टरांना गाठी सापडण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या खाली होतं, त्यांच्या पेशंटना पुढच्या तपासणीआधीच कर्करोग होण्याचा धोका कितीतरी पटींनी जास्त होता. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या तीन लाखांहून अधिक तपासण्यांवरून हिशेब निघाला : गाठी सापडण्याचं प्रमाण एका टक्क्याने वाढलं, की पुढे कर्करोग होण्याचा धोका तीन टक्क्यांनी घटतो. डॉक्टरच्या नजरेची सवय पेशंटच्या आयुष्याच्या वर्षांत मोजता येते, ती अशी.

हे सगळे आकडे परदेशी आहेत. ते जसेच्या तसे उचलून ईटच्या माणसाला लावावेत का? इथे मला बार्शीची गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती या मातीतली आहे आणि आपल्याच लोकांना पुरेशी माहीत नाही.

बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे. डॉ. बी. एम. नेने यांच्यासारख्या माणसांनी ते गावाकडे उभं केलं. तिथे १९८७ मध्ये भारतातली ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदवही सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम, हे तीन तालुके, ३४६ गावं. ईट याच भूम तालुक्यातलं. शहरातली नोंदवही दवाखान्यांत जाऊन कागद गोळा करते. इथे तेवढ्याने भागणार नव्हतं, कारण माणूस दवाखान्यात यायचाच नाही. म्हणून कार्यकर्ते गावोगाव गेले, बैठका घेतल्या, लक्षणं समजावून सांगितली, संशयित माणसाला तपासणीला आणलं. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या. वही भरायला गेलेल्यांनी वहीतला आकडाच बदलून टाकला.

या वहीतून दिसतं ते हे, की मोठ्या आतड्याचा कर्करोग आपल्या खेड्यांत पाश्चात्त्य देशांच्या मानाने फार कमी. म्हणजे गाठी किती सापडल्या, यावर आपल्या शिकाऊ डॉक्टरला तोलणं अन्यायाचं होईल. त्याच्यासमोर येतात ते रक्त पडणारे, महिनोन्महिने जुलाब होणारे, पोटात कळ येऊन वजन उतरलेले पेशंट. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग आहे, आणि तो बसतो नेमका लहान-मोठ्या आतड्याच्या जोडावर. तिथपर्यंत पोचून थांबणं पुरेसं नाही. झडप ओलांडून लहान आतड्याच्या शेवटच्या भागात डोकावलं पाहिजे, योग्य जागचे तुकडे काढून पाठवले पाहिजेत. माझ्या मते महाराष्ट्रातल्या शिकाऊ डॉक्टरच्या वहीत पहिला रकाना हाच असावा : झडप ओलांडली का? गाठींचा रकाना त्यानंतर.

भूमच्याच जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, आणखी एक मोठं काम झालं. तेव्हा जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं. मुंबईचं टाटा स्मारक केंद्र, बार्शीचं रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून ५२ ग्रामसमूहांतल्या १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास केला. काहींची एचपीव्ही विषाणूची चाचणी, काहींची पेशींची, आणि काहींची व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी. एका गटात नेहमीचीच सेवा. २००९ मध्ये निकाल आला. यंत्रावर होणाऱ्या एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४ मृत्यू, नेहमीच्या सेवेच्या गटात ६४. डोळ्यांनी केलेल्या तपासणीच्या गटात मात्र मृत्यूंमध्ये ठोस घट दिसली नाही.

ही तपासणीच कुचकामी, असं यावरून म्हणता आलं असतं. पण मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा केंद्राच्याच डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने दहावी शिकलेल्या महिला कार्यकर्त्यांना शिकवून, त्यांच्या कामावर सतत लक्ष ठेवून, हीच व्हिनेगरची तपासणी वर्षानुवर्षं केली. तिथे या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दोन्ही अभ्यासांत फरक होते. मुंबईत तपासणी दर दोन वर्षांनी पुन्हा झाली, उस्मानाबादला एकदाच. तेव्हा सगळं श्रेय कौशल्याला देणं चूक ठरेल. तरी एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. जी तपासणी डोळ्यावर आणि हातावर उभी आहे, तिच्यात तो डोळा आणि तो हात हेच यंत्र असतं. रक्ताच्या साखरेच्या यंत्राची प्रत आपण तपासून घेतो. मग या यंत्राची का नाही?

आज धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अंबाजोगाईला फार आधीपासून आहे. दुर्बिणीची सोय तालुक्याच्या गावांपर्यंत येते आहे, आणि यायलाच हवी. तिच्याबरोबर ही साधी वहीही यायला हवी. तिला मोठा खर्च नाही. चार रकाने आणि प्रामाणिकपणा लागतो : टोकाला पोचलो का, झडप ओलांडली का, सरांना नळी घ्यावी लागली का, पेशंटला किती दुखलं. शेवटचा रकाना पेशंटला विचारून भरायचा, डॉक्टरच्या अंदाजाने नव्हे. आणि ही वही शिक्षेसाठी वापरायची नाही. एकदा तिच्यावरून कोणाची नाचक्की झाली, की दुसऱ्या दिवसापासून सगळ्या तपासण्या वहीत ‘पोचल्या’ असंच लिहिलं जाईल. ७६.९ आणि ५६.९ मधलं अंतर तिथूनच सुरू होतं.

ईटच्या वाचकांना, किंवा कुठल्याही गावच्या, एक सांगणं आहे. तुमच्या माणसाची दुर्बीण होईल तेव्हा डॉक्टरांना आदराने विचारा, “डॉक्टरसाहेब, शेवटच्या टोकापर्यंत बघितलं ना? पोट नीट साफ होतं ना?” चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. अहवालावर सीकमचा फोटो असायला हवा. अपेंडिक्सचं तोंड आणि झडप त्यात ओळखता येतात. तो फोटो अहवालासोबत घ्या, फाइलला लावा आणि पुढच्या तपासणीला बरोबर न्या.